नातवाचं ताट कुणी उचलायचं?

पत्र थोडक्यात असं:

साठी ओलांडलेल्या एका आजींनी लिहिलंय. उभं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळण्यात गेलं. आता मुलगा, सून आणि दोन नातवंडांबरोबर त्या जुळे सोलापुरात राहतात. नात आठ वर्षांची, नातू साडेपाचचा. सून नोकरी करते. सकाळी साडेनऊला निघते, यायला सात वाजतात. दोन महिन्यांपूर्वी सुनेने फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. नातवाने आपलं ताट उचलून मोरीत ठेवायचं, आपली खेळणी आवरायची, आपले चपला-बूट जागेवर ठेवायचे. नातीने पाण्याच्या बाटल्या भरायच्या, जेवायच्या आधी सगळ्यांची ताटं-पेले मांडायचे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या आणि संध्याकाळी पुढची खोली झाडायची. प्रत्येक कामाला एक चांदणी. वीस चांदण्या झाल्या की आइस्क्रीम.

आजींना हे बघवत नाही. त्या म्हणतात, "सात वर्षांची होते तेव्हा आईशेजारी सूप घेऊन बसले. चौथीत शाळा सुटली. माझ्या लेकरांच्या नशिबी हे नको म्हणून हाडं झिजवली, आणि आता घरातच नातवंडं कामाला लागली." सुनेचं लक्ष नसताना त्या नातवाची कामं गुपचूप करून टाकतात. मागच्या आठवड्यात सुनेने ते पाहिलं आणि वाजलं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी मुलांमार्फत बोलतात. "माझा हात चालतोय तोवर लेकरांनी का करावं? आणि सुनेला हे कसं समजवायचं?" असा त्यांचा प्रश्न आहे. पत्र शेजारच्या नववीतल्या मुलीने लिहून दिलंय.

मावशी, नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्ण तुमच्या बाजूची होते. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. ती सांगणार आहेच, पण आधी तुमचं जे बरोबर आहे ते.

माझं लहानपणही सोलापुरातच, कन्ना चौकाजवळ गेलं. आमच्या वर्गात चार-पाच मुली अशा होत्या की मधल्या सुट्टीत डबा खायच्या ऐवजी घरी पळायच्या. विडीची भिजवलेली पानं कापून ठेवायची असत. परत येईपर्यंत घंटा झालेली असे, आणि बाई विचारायच्या, "आज पण उशीर?" त्या काही बोलत नसत. बाकावर शेजारी बसलं की बोटांना तंबाखूचा वास यायचा. आम्हाला तेव्हा त्याचं काही वाटत नसे, कारण अर्ध्या गल्लीला तोच वास होता. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. तोंड मुडपायला लहान बोटं बरी पडतात म्हणून ते काम पोरींकडे. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण हे सदर वाचणाऱ्यांत असे बरेच आहेत ज्यांनी विडी फक्त दुसऱ्याच्या ओठांत पाहिली आहे.

बालकामगारांवर १९८६ साली कायदा आला. मुलांना ज्या कामांवर बंदी होती त्या यादीत विडी वळणं होतं. पण त्याच कायद्यात एक पळवाटही होती: घरच्या माणसांना हाताशी घेऊन घरात चालणाऱ्या कामाला ती बंदी लागू नव्हती. आणि विड्या वळल्या जात होत्या त्या घराघरांतच! पुढे २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामधंद्यांतून बाहेर काढलं. घरच्या धंद्यात मदत चालेल, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि ते काम धोक्याचं नको, असं ठरलं. हे सगळं होईतो तुमचं बालपण कधीच संपून गेलं होतं. तेव्हा लहान मुलाच्या हातात काम दिसलं की तुमच्या पोटात कालवतं, हा तुमचा हळवेपणा नाही. ते तुम्ही भोगलेलं आहे.

आता एक विचारते. त्या कामात वाईट नेमकं काय होतं? हात हलत होते हे? मला नाही तसं वाटत. ते काम संपत नव्हतं, हे वाईट होतं. हजार झाल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजार. वळायच्या तुम्ही, पण हिशोब दुसऱ्याच्या वहीत; खराब म्हणून बाजूला काढलेल्या किती, हे ठरवणारा माणूसही दुसराच. तंबाखूची धूळ नाकात, पाठ वाकलेली. आणि त्यापायी शाळा गेली. एक दिवस सूप बाजूला ठेवलं असतं तर चुलीवर परिणाम झाला असता. तुमच्या नातवाने एक दिवस बूट जागेवर ठेवले नाहीत तर बूट दारात आडवे पडतील, एवढंच. तुम्ही दोन्हीला "काम" म्हणता. शब्द एकच आहे, म्हणून घोटाळा होतो.

लहान मुलाला मोठ्यांच्या कामात हात घालायची हौस आपण लावत नाही, ती त्याला आतूनच असते. जर्मनीतल्या लायप्झिगमध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोघांनी दीड वर्षाच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो आणि त्याचा हात पोचत नाही. कडेला खेळणारं पोर उठतं, चिमटा उचलून त्याच्या हातात देतं. कुणी सांगितलं नव्हतं, शाबासकीही दिली नाही. अशा वेगवेगळ्या प्रसंगांत बहुतेक मुलांनी एकदा तरी मदत केली. तुम्हाला यासाठी लायप्झिगला जायची गरज नाही म्हणा. भाकरी थापायला बसलं की पिठाचा गोळा मागणारं पोर सोलापुरात घरोघरी आहे. आपण काय करतो? तिसऱ्या वर्षी म्हणतो, "सांडशील, जा खेळ." पाचव्या वर्षी म्हणतो, "राहू दे, मी करते." आणि बाराव्या वर्षी कपाळाला हात लावतो, की बसल्या जागचा ढिम्म हलत नाही.

सुनेचा तक्ता तुम्हाला मोबाइलमधलं नवं खूळ वाटत असेल. पण पाणी ओतणं, धान्य निवडणं, झाडणं, बटणं लावणं ही कामं माँटेसरी पद्धतीत अभ्यासाइतकीच महत्त्वाची मानली जातात, आणि महाराष्ट्रात ती पद्धत गोरगरिबांच्या मुलांपर्यंत नेली ताराबाई मोडकांनी. १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला, नंतर अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा म्हणतात तिला. तुमचं पत्र वाचताना मला सारखी ती आठवत होती. तुमच्यासाठी कुणी सुपाजवळ शाळा आणली नाही.

आता खटकलेली गोष्ट.

तुमच्या पत्रात नातवाचं ताट तीनदा आलंय. त्याची खेळणी, त्याचे बूट, त्याचे इवलेसे हात, सगळं आलंय. नातीबद्दल एकच ओळ: "ती गुणी आहे, न सांगता करते." मावशी, तक्त्यावर तिची कामं जास्त आहेत. ती झाडते, ताटं मांडते, घड्या घालते. तुम्ही गुपचूप उठून त्यातलं एकही तिच्यासाठी केल्याचं पत्रात नाही. तुमच्या आईशेजारी सूप घेऊन बसलेली मुलगी वयाने आणि रूपाने तुमच्या नातीसारखी असणार. मग ताट मात्र नातवाचं का उचललं जातं?

रागावू नका. मी तुम्हाला धरून बोलत नाही, आपण सगळ्याच असं करतो. माझ्या आईने केलं, मीही काही वर्षं केलं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका-मुली निघाल्या ८१.२ टक्के आणि पुरुष-मुलगे २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यातही बायकांचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. या पाहणीत सहा वर्षांपासूनची माणसं धरली होती. म्हणजे वयाने तुमची नात अशा हिशोबात आता येते आणि नातू अजून सहा महिन्यांनी येईल. तो कुठल्या बाजूला येणार, हे सध्या तुमच्या मोरीत ठरतंय.

सुनेलाही हेच सांगायचं आहे, आणि हे उत्तर तिने वाचलं तर बरंच. तिचा तक्ता पुन्हा बघा. मुलाकडे दिलेलं प्रत्येक काम त्याच्या स्वतःच्या वस्तूंचं आहे: माझं ताट, माझे बूट, माझी खेळणी. मुलीकडे दिलेलं प्रत्येक काम सगळ्यांचं आहे. वय अडीच वर्षांनी कमी आहे म्हणून काम हलकं असावं, हे पटतं. पण वय कमी आहे म्हणून ते फक्त स्वतःपुरतं का? साडेपाच वर्षांचा मुलगा सगळ्यांच्या ताटाशेजारी पेले ठेवू शकतो. शेंगा फोडू शकतो. घरातले सगळ्यांचे बूट एका रांगेत लावायला तर त्याला मजा येईल. त्या वयात रांगा लावायचं वेडच असतं.

आणि त्या तक्त्यावर तुमच्या मुलाचं नाव आहे का? पत्रात तो एकाच ठिकाणी येतो, "दमून येतो" म्हणून. सूनही सातला येते. ती दमते का, ते पत्रात नाही.

चांदण्यांच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने. तुम्ही लिहिलंय की त्या दिवशी औषधाची गोळी घ्यायला नातवाकडे पाण्याचा पेला मागितला तर तो म्हणाला, "चांदणी देणार का?" तुम्हाला ते लागलं. मलाही वाचताना लागलं. पण पोराचं काय चुकलं? घरात प्रत्येक गोष्टीला भाव ठरलाय, हे त्याला आपणच शिकवलं. त्याच दोन संशोधकांनी २००८ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वीस महिन्यांच्या मुलांपैकी काहींना मदतीबद्दल बक्षीस दिलं, काहींना काहीच नाही. पुढे बक्षीस बंद केल्यावर बक्षीसवाली मुलं मदतीला कमी उठली. काहीच न मिळालेली मुलं आपली उठतच राहिली.

तुमच्या आईच्या विडीच्या कार्डावर हजाराची नोंद व्हायची. फ्रिजवर विसाची होते. सुनेच्या मनात असं काही नसणार, तिने प्रेमानेच केलंय. पण "हे मोजून पैसे देण्यासारखं झालं" असं जे तुम्हाला आतून टोचतंय ते खरं आहे, आणि सुनेशी बोलायचं झालं तर बोलणं इथून सुरू करा. "लेकरांना कामाला लावू नकोस" इथून नको.

तक्ता आजच्या आज फाडूही नका. मुलांनी कष्टाने चांदण्या जमवल्यात; त्या अशा पुसल्या तर त्यांना ती फसवणूक वाटेल. चालू असलेला वीसचा आकडा पुरा होऊ द्या, सगळे मिळून आइस्क्रीम खाऊन या. मग नवा तक्ता लावा, बिनचांदण्यांचा, घरातल्या पाचही माणसांच्या नावांचा. तुमचं नाव त्यात हवं. बाबांचंही. दर सोमवारी कामं फिरवा, म्हणजे झाडू एकाच हाताला चिकटत नाही. आणि आइस्क्रीम अधूनमधून उगाच खावं, कशाच्याही बदल्यात नाही.

सुनेला काय म्हणायचं, हे तुम्ही विचारलंय. मला एक शंका आहे: तुमची चौथी कशी सुटली, हे तिला माहीत आहे का? विड्या वळायच्या एवढं ठाऊक असेल. पण आमच्या वर्गातल्या त्या मुलींसारखं तुम्हीही मधल्या सुट्टीत घरी पळाला असाल, बाईंचं "आज पण उशीर?" ऐकलं असेल, तर हे कुणी तिला सांगितलंय? आपल्याकडे असल्या गोष्टी सुनेला सांगायची पद्धत नाही. सांगा. मुलं झोपल्यावर, मुलांच्या मार्फत न बोलता. "मला ते बघवत नाही, त्याचं कारण हे आहे," एवढं म्हणा आणि थांबा. लगेच "म्हणून तू तक्ता काढ" असं जोडू नका. तीही मग काही सांगेल. माझा अंदाज आहे की दिवसभर सांगून सांगून तिचं तोंड दुखलं म्हणून तक्ता आला. तक्ता ओरडत नाही, हा त्याचा मोठा गुण.

गुपचूप करणं मात्र आजपासून बंद. त्याचं कारण मला माझ्याच घरात कळलं. मुलगा सहा-सात वर्षांचा असताना मी त्याला टॉवेलांच्या घड्या घालायला लावायचे. तो कशाबशा घालायचा, कोपरे बाहेर, एक टोक लोंबतंय. तो झोपला की मी सगळे टॉवेल काढून पुन्हा नीट घड्या घालायचे. एका रात्री तो पाणी प्यायला उठला आणि दारात उभा राहून मला बघत राहिला. काही बोलला नाही, पाणी पिऊन झोपायला गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याने टॉवेलाला हात लावला नाही. पुढची कित्येक वर्षं आमच्या घरात टॉवेल मीच घडी करत होते. तुम्ही नातवाचं ताट उचलता तेव्हा तुम्हाला वाटतं, त्याला प्रेम कळतं. त्याला हेही कळतं की हे काम आपल्याच्याने होणार नाही असं आजीला वाटतं.

करायचंच असेल तर त्याच्याबरोबर करा. सोलापुरात राहून चादर नाही असं घर नसेल. ती एकट्याने नीट घडी होत नाही, जड असते. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरकून ताणायची, एक झटका द्यायचा, मग टोकाला टोक जुळवत एकमेकांकडे चालत यायचं. साडेपाच वर्षांच्या मुलाचे हात खाली असतात, त्यामुळे समोरच्याला वाकावं लागतं. तुमची पाठ दुखत असेल तर खुर्चीत बसा, उंची बरोबर जुळेल. पहिले चार दिवस चादर जमिनीवर लोळेल. लोळू द्या.

आता काही कामांना तुम्ही ठामपणे नाही म्हणा, आणि तिथे सुनेनेही तुमचं ऐकायला हवं. गॅस, गरम तेल, कुकर, इस्त्री, विळी. फिनेल आणि फरशीचं ॲसिड मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवायचंच नाही. धाकट्या भावंडाला एकटीवर सोपवणं, "जरा बघ त्याच्याकडे" म्हणून तासभर बाहेर जाणं, हे आठ वर्षांच्या मुलीचं काम नाही. ती बहीण आहे, आई नाही.

आणि पाणी. परगावच्या वाचकांना कळणार नाही, पण आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा घराची धावपळ होते. मोटर लाव, टाकी बघ, पिंप धू, आधी प्यायचं भर. मुलांना त्यात उतरावंसं वाटतंच, ते दिवाळीसारखं असतं त्यांना. बाटल्या भरणं, तांब्या-पेले भरून ओट्यावर ठेवणं, नळ बंद झाला का ते बघून येणं, हे खुशाल द्या. पाण्याची किंमत मुलाला कळते ती त्या दिवशीच. पण भरलेली बादली उचलायला लावू नका. आणि जमिनीतल्या हौदाचं झाकण उघडं असेल तर मूल तिथे नकोच, मोठं माणूस शेजारी उभं असलं तरी. पाणी रात्री दोनला आलं तर मुलांना उठवायचं नाही. झोप मोडून करायची मदत मला मान्य नाही.

खरं तर मापच तेवढं. शाळा, खेळ आणि झोप, यातल्या कशावरही काम चढलं की ती मदत राहत नाही. याच मापाने तुमच्या नातीचं एक काम मला चुकीच्या वेळी लागलेलं दिसतं: संध्याकाळी पुढची खोली झाडणं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे साडेपाचच्या आधी मुलांना बाहेर सोडता येत नाही, डांबर पायाला चटका देतं. खाली जाऊन खेळायला मिळतात ते दीड-दोन तास. त्यात झाडू कशाला? सकाळी झाडा, नाहीतर बाबा आल्यावर झाडतील. वेळेचं म्हणाल तर साडेपाच वर्षांच्या मुलाला दिवसाची पाच-दहा मिनिटं आणि आठ वर्षांच्या मुलीला पंधरा-वीस, याहून जास्त मी देणार नाही. परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या दिवसांत तेही नाही.

याच विषयावर पत्रं पाठवणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. ज्यांच्याकडे धुण्या-भांड्याला बाई येते त्यांच्या घरात मूल लवकरच ठरवतं की उष्टं ताट ही त्या मावशींची वस्तू आहे. मावशी येवोत न येवोत, ताट ज्याचं त्याने उचलावं. आणि ज्या घरात आई-बाप दोघंही रोजंदारीवर जातात, तिथल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीने पोळ्या केल्याशिवाय घर चालत नाही, त्यांना तक्ते-बिक्ते लावा म्हणून सांगायला माझी जीभ उचलत नाही. तिथे एवढंच बघा, की त्या मुलीच्या जोडीचा भाऊ त्या वेळी काय करतोय.

मावशी, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य शेजारच्या मुलीने खोडून पुन्हा लिहिलंय: "मी काहीच नाही केलं तर घरात माझं काय?" मला वाटतं, सगळ्या पत्राचं मूळ इथे आहे. सात वर्षांपासून हात थांबला नाही, त्या हाताला आता साडेपाच वर्षांच्या पोराचं ताट एवढंच काम उरलंय, आणि तेही सून काढून घेते! अशा वेळी राग येणारच. पण घरात हाताने काम कसं करतात, हे मन लावून दाखवू शकेल असं माणूस तुम्हीच आहात. सुनेला वेळ नाही, मुलाला अजून सवय नाही.

येत्या रविवारी शेंगादाण्याची चटणी करा. मिक्सरमधली नको, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. दाणे तुम्ही भाजा, मुलांना गॅसजवळ येऊ देऊ नका. गार झाले की दोघांसमोर ठेवा. सालं चोळून काढायला त्यांचे हात चांगले चालतील. लसूण नातीकडे द्या. मग सूप काढा. ते तंबाखूचं जुनं नव्हे, ते घरात असेल तर टाकूनच द्या. बाजारातून नवं आणा. नातवाच्या हातावर तुमचे हात ठेवा आणि पाखडायचं कसं ते दाखवा: मनगटाने वर, थोडं पुढे, आणि दाणे खाली यायच्या आत सूप खाली न्यायचं. पहिल्यांदा निम्मे दाणे जमिनीवर जातील.

हे गच्चीवर करा, घरात पंख्याखाली करू नका. सालं पार देवघरापर्यंत उडतात. आणि शेवटी केरसुणी लागेल, ती आधी नातवाच्या हातात द्या.